पिंजौरची बाग आणि चिनी काढा

चंडीगढहून सिमल्याच्या रस्त्याला लागले म्हणजे शिवालिकच्या पायथ्याशी पिंजौर लागते. तेथे एकाखाली एक अशा सात टप्प्यांनी उतरत गेलेली एक मोगली बाग आहे. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान याने सतराव्या शतकात ती उभारली. या बागेविषयी एक कथा सांगतात. सरदाराचे बस्तान आपल्या मुलखात कायमचे बसावे हे आसपासच्या डोंगरी राजांना मानवणारे नव्हते. त्यांनी फळाफुलांच्या टोपल्या देऊन काही बायका जनानखान्यात पाठविल्या. त्या बायका निवडून काढलेल्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्याला मोठे गलगंड होते. हे कशाने झाले, असे बेगमांनी विचारताच उत्तर मिळाले की, येथल्या पाण्याचा गुण आहे, येथे राहील त्याला हे व्हायचेच. बेगमा हादरल्या आणि खानाला आपली लाडकी बाग सोडावी लागली.

कथा खरी असो वा रचलेली, ती आजवर हसत हसत सांगितली गेली आहे. मात्र त्या टोपल्या वाहणाऱ्या बायकांच्या दृष्टीने त्यात हसण्याजोगे काही नव्हते. गळ्यावरील ती गाठ हे हिमालयाच्या कुशीतील जुने दुखणे होते. सुश्रुताने गलगंडाचे वर्णन केले आहे. तेव्हा रोग आपल्या वैद्यांना अपरिचित नव्हता. अपरिचित होते ते त्याचे मूळ.

याच रोगावर हिमालयापलीकडे, चीनमध्ये, एक उपाय फार पूर्वी हाती लागला होता. इसवी सनाच्या चौथ्या शतकात को हुंग नावाच्या विद्वानाने तातडीच्या उपायांची एक पोथी लिहिली. बाहीत ठेवून सहज बरोबर नेता यावी, वैद्य दूर असलेल्या गरिबालाही उपयोगी पडावी, असा तिचा हेतू होता. तीत गलगंडासाठी समुद्री शेवाळ मद्यात भिजवून तो अर्क घोट घोट घ्यावा, असे सांगितले आहे. पुढे शेवाळाचे काढे आणि सूपही चिनी घरांतून रुळले. चिनी भाषेत सुपाला आणि काढ्याला ‘तांग’ हा एकच शब्द आहे, यातच त्या लोकांची दृष्टी दिसून येते. त्यांच्या घरी औषधाची चूल वेगळी नसते. शेवंतीची वाळलेली फुले उकळत्या पाण्यात घालून झाकून ठेवणे, मुळ्या आणि साली आधी भिजवून मातीच्या भांड्यात मंद आचेवर आटविणे, तोच चोथा पुन्हा एकदा उकळून दोन्ही काढे एकत्र करणे, हे तेथे नित्याचे घरकाम आहे. आपल्याकडे पावसाळ्यात गवती चहा आणि आले उकळावे, तसेच ते.

को हुंगच्या त्याच पोथीत तापावरील एक कृती आहे. मूठभर छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवावी, पिळावी आणि तो रस प्यावा, असे तीत म्हटले आहे. उकळण्याचा उल्लेख नाही. सोळाशे वर्षांनंतर हिवतापाच्या औषधाचा शोध घेताना तू यूयू या संशोधिकेला ही ओळ मार्गदर्शक ठरली. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असे तिच्या ध्यानात आले. त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले आणि २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. काय उकळावे आणि काय नुसते भिजवावे, हा घरगुती काढ्यातला प्रश्न किती मोलाचा असू शकतो, हे यावरून दिसते.

शेवाळातील गुणाचा उलगडा व्हायला मात्र १८११ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बर्नार कूर्त्वा या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला शेवाळाच्या राखेत आयोडिन सापडले. १८२० मध्ये जिनीव्हाच्या क्वांदे या वैद्याने ते गलगंडावर देऊन पाहिले आणि १८९५ मध्ये बाउमान याने कंठातील ग्रंथीतच ते असल्याचे दाखविले. डोंगरातील माती पावसाने आणि वितळत्या बर्फाने शतकानुशतके धुऊन निघते. तिच्यातील आयोडिन समुद्राला जाऊन मिळते आणि समुद्रातले शेवाळ ते साठवून ठेवते. डोंगराने जे गमावले होते, तेच चिनी वैद्य नकळत परत देत होते.

आता एक विलक्षण गोष्ट पाहा. पिंजौरच्या वायव्येला, याच पर्वतरांगांच्या आश्रयाने कांगडा खोरे आहे. १८४९ साली डॉक्टर जेम्सन यांनी तेथे चहाची लागवड सुरू केली आणि ती रोपे चिनी जातीची होती. म्हणजे चीनचे एक पान गलगंडाच्या या मुलखात येऊन रुजले. पण ज्या शेवाळाची येथे खरी गरज होती, ते काही आले नाही. चहाच्या पेल्यात आयोडिन नगण्य असते. मळे हिरवे झाले आणि गळ्यावरच्या गाठी तशाच राहिल्या. गाठीपेक्षाही मोठे नुकसान दृष्टीआड होते: गर्भवतीला आयोडिन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते.

अखेर उपाय आला तो स्वयंपाकघराच्या मार्गानेच. १९५६ साली डॉक्टर रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्याचे विभाग पाडले. काही विभागांना आयोडिनयुक्त मीठ दिले, एकाला साधे. काही वर्षांत आयोडिनयुक्त मिठाच्या विभागांत गलगंडाचे प्रमाण ठळकपणे उतरले. साध्या मिठाच्या विभागात ते फारसे हलले नाही. मग त्या विभागालाही तेच मीठ मिळाले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. प्रौढ माणसाला दिवसाकाठी लागते ते अवघे १५० मायक्रोग्रॅम आयोडिन. साऱ्या आयुष्याचे एका चमच्यात मावेल. नैसर्गिक मीठ समुद्राचे असो वा खाणीचे, त्यात ते पुरेसे नसते. म्हणून ते मिसळावे लागते.

या हकिकतीतून घरगुती काढ्यांविषयी काही बोध घेता येतो. परंपरेने सांगितलेला उपाय केवळ जुना म्हणून टाकू नये, आणि केवळ जुना म्हणून डोळे झाकून घेऊही नये. त्यात काय आहे आणि किती आहे, हे पाहावे. जपानच्या होक्काइडो किनाऱ्यावर शेवाळ अतोनात खाणाऱ्या कोळ्यांनाही गलगंड झाल्याचे आढळले आहे. चिनी आणि मराठी दोन्ही घरांत वापरले जाणारे ज्येष्ठमध रोज भरपूर घेतले तर रक्तदाब वाढवते. शेवंतीचा किंवा गवती चहाचा पेला अवश्य घ्यावा. त्याने घसा शेकतो, मन निवते. परंतु गळ्यावर गाठ दिसली तर पेला बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे, आणि मिठाची बरणी घट्ट झाकून ठेवावी, कारण ओल लागली की त्यातले आयोडिन कमी होते.

पिंजौरच्या कथेतील राजांनी दोष पाण्याला दिला. बेगमा भ्याल्या, खान निघून गेला. टोपल्या घेऊन आलेल्या बायका मात्र आपल्या गावी, आपल्या गाठींसह परतल्या असतील. त्या पाण्यात विष नव्हते. तेथल्या मातीत आणि पाण्यात चिमटीतही न मावणारी एक वस्तू उणी होती, आणि ती त्यांच्या चुलीपर्यंत पोहोचायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षे लागली.