एक जिल्हा, तीन कलमं

विकाराबादहून परळीकडं जाणाऱ्या गाडीत बसलं, की वाटेत जहिराबाद, बीदर, भालकी, कमलनगर, उदगीर ही स्टेशनं लागतात. आज जहिराबाद तेलंगणात, मधली तीन कर्नाटकात आणि उदगीर महाराष्ट्रात. १९५६ पर्यंत मात्र ही सगळी एकाच बीदर जिल्ह्यात होती. सीमावादाची जुनी उजळणी मला इथं करायची नाही. या एका जिल्ह्याचे तुकडे घटनेच्या तीन वेगवेगळ्या कलमांखाली कसे आले, एवढंच पाहायचं आहे. आमच्याकडच्या मराठी पोरांच्या नोकरीचा प्रश्न तिथंच येऊन थांबतो.

फाजल अली आयोगानं १९५५ मध्ये बीदर जिल्हा अखंड ठेवून उरलेल्या हैदराबाद राज्यात ठेवावा, असं सुचवलं होतं. ते झालं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला आणि जिल्हा तिघांत वाटला गेला. अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. नारायणखेड तालुका, निर्णा सर्कल वगळून जहिराबाद तालुका आणि बीदर तालुक्यातलं न्याळकल सर्कल आंध्रात गेलं. बाकीचा भाग म्हैसूर राज्याकडे आला. शेजारच्या गुलबर्ग्यातूनही तांडूर आणि कोडंगल आंध्रात गेले, आळंद म्हैसुरात राहिलं. तालुकाच नव्हे, सर्कलसुद्धा मोडून रेघ ओढली गेली. रोटी-बेटीचे व्यवहार मात्र रेघेच्या दोन्ही बाजूंना चालूच राहिले.

आता कलमं बघू. त्याच वर्षीच्या ७ व्या घटनादुरुस्तीनं कलम ३७१ मध्ये मराठवाड्यासाठी विकास मंडळाची सोय केली. म्हणजे उदगीर-निलंग्याला कागदावर आधार मिळाला; मंडळ प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं. तेलंगणात ‘मुलकी’चा जुना प्रश्न पेटला. निजामाच्या १९१९ च्या फर्मानानुसार १५ वर्षं राहिलेला माणूस मुलकी ठरायचा आणि सरकारी नोकरी त्याला मिळायची. त्या वादातून १९७३ मध्ये ३७१-डी आलं. जहिराबाद त्यात बसलं. बीदर-गुलबर्गा त्याच निजामी राज्यातले, मागासही तितकेच, पण त्यांना काहीच नव्हतं. वैजनाथ पाटील यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला. खर्गे आणि धरमसिंग यांनी दिल्लीत पाठपुरावा केला. डिसेंबर २०१२ मध्ये संसदेनं ९८ वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि ३७१-जे आलं. त्याखाली या भागातल्या गट-क च्या ८० टक्के आणि गट-ड च्या ८५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखल्या गेल्या.

स्थानिक कोण? ‘जन्मानं किंवा अधिवासानं’ या भागाचा असलेला. भाषा कोणती, हे कलम विचारत नाही. म्हणून औरादच्या मराठी घरातला मुलगा स्थानिक ठरतो आणि उदगीरचा त्याचा मामेभाऊ परका.

खरा पेच इथं आहे. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. २७ डिसेंबर २०२२ ला विधिमंडळानं बीदर, भालकीसह ८६५ गावांची मागणी ठरावानं पुन्हा केली. उद्या गाव महाराष्ट्रात गेलं तर मराठीचा प्रश्न सुटेल, पण ३७१-जे चं प्रमाणपत्र निकामी होईल. बदल्यात मिळेल मराठवाड्याचं विकास मंडळ, ज्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. घरातले म्हातारे भाषेचं बोलतात, पोरं प्रमाणपत्राचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पण एक गोष्ट आपण विसरतो. ज्या घटनादुरुस्तीनं मराठवाड्याची सोय केली, तिनंच ३५०-ए आणि ३५०-बी ही कलमंही आणली: अल्पभाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून आणि त्यांच्या हक्कांवर लक्ष ठेवायला खास अधिकारी असावा म्हणून. ही कलमं औराद-भालकीला आजही लागू आहेत. त्यांच्यासाठी ना गाव हलवावं लागतं, ना प्रमाणपत्र सोडावं लागतं. रेघ कुठं असावी ते न्यायालय ठरवेल. तोवर मराठी शाळेत मास्तर मागायला कुणाच्या निकालाची वाट बघायची गरज नाही.