दादाच्या फियाटच्या सीटा

गेले आठ महिने पुतण्याने दादाची १९६८ सालची फियाट उघडून ठेवली आहे. इंजिन झालं, पत्रा झाला, रंग झाला. परवा पुढच्या सीटा जोडायच्या होत्या. "आत्या, तू ये, काय कुठे होतं ते तुला आठवत असेल," म्हणून मला खुर्ची टाकून बसवलं. आठवतं सगळं, पण कुठला स्क्रू कुठे ते नाही हो!

सीट उसवली तेव्हाच गंमत झाली होती. वरचं तपकिरी रेक्झिन काढलं तर खाली हिरवं, त्याखाली मूळचं लाल. मग काथ्या, मग तरट, शेवटी स्प्रिंगा. इतिहासाच्या तासाला मी फळ्यावर उत्खननाचे थर काढायचे, तसेच हे. 'रेक्झिन' हा शब्दही असाच खालच्या थरातला. मुळात ते इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीच्या मालाचं नाव, कापडावर लेप देऊन केलेलं नकली कातडं. आपल्याकडे कुठलंही चकचकीत नकली कातडं रेक्झिनच झालं.

थर साचले कारण गाडी बदलता येत नव्हती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट निघू लागली, तीच पुढे १९७४ पासून पद्मिनी. परवान्यांच्या त्या काळात गाडी म्हणजे अँबॅसिडर, फियाट, नाहीतर स्टँडर्ड. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. दादाने नंबर लावला तेव्हा मी शाळेत होते, गाडी दारात आली तेव्हा कॉलेजात. अशी गाडी कोण विकणार? सीट खचली की काथ्या भरायचा आणि जुन्यावरच नवं रेक्झिन चढवायचं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीही याच गाडीवर पिढ्या काढल्या. २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली.

असो. कारागिराने रंगवलेल्या सांगाड्यावर आधी तरट ताणून बांधलं, म्हणजे स्प्रिंग काथ्यात घुसत नाही. त्यावर काथ्या, वर कापसाचा पातळ थर. लाल कव्हर उन्हात ठेवलं होतं, ऊब लागली की रेक्झिन सैल पडतं. मग समोर थोडं, मागे थोडं, असं ओढत पकडीने तारेच्या कड्या दाबत गेला. एकच बाजू आधी पुरी केली तर शिवण तिरकी जाते म्हणे.

ड्रायव्हरची सीट रुळांवर बसली आणि खोक्याच्या तळाशी दोन सागवानी ठोकळे उरले.

"हे कंपनीचे नाहीत, राहू देत," पुतण्या म्हणाला.

मी लगेच ओळखले. दादाची उंची पाच फूट दोन इंच. स्टीअरिंगवरून समोरचं धड दिसेना म्हणून त्याने सुताराकडून करून घेतले होते, रुळांखाली घालायला.

"अगं, पण गाडी मूळची हवी ना?"

"मूळची म्हणजे कारखान्यातली की दादाची? आणि लालवर हिरवं का चढलं, माहीत आहे? खंबाटकी घाटात तू ओकलास म्हणून!"

कारागीर हसायला लागला. पुतण्याचंही चुकत नव्हतं. तो चांगला उंच आहे, आणि आता गाडी तोच चालवणार. मी गप्प बसले. पण याच सीटवर दादाने मला गाडी शिकवली होती, म्हणून म्हटलं एकदा बसून तरी बघू. बसले, तर बॉनेट दिसेना! दादाची आणि माझी उंची सारखीच.

पुतण्या काही बोलला नाही. पाना घेऊन त्याने सीटचे बोल्ट परत खोलले आणि लांब बोल्ट शोधायला डबा उपडा केला. डोकं छताला लागतं म्हणून आता रोज कुरकुरतो आहे.