शब्दाधारित साहस-खेळांच्या तर्करचनेचा इतिहास आणि मराठी भाषा

प्रस्तावना :

संगणकीय खेळ म्हटले की आज चित्रे, ध्वनी आणि वेग डोळ्यांसमोर येतात. तथापि, या खेळांच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पर्व केवळ शब्दांनी घडविलेले आहे. पडद्यावर एखाद्या स्थळाचे वर्णन उमटते, खेळणारा एक-दोन शब्दांची आज्ञा टंकित करतो आणि त्या कृतीचा परिणाम संगणक वाक्यातून सांगतो. या प्रकारास शब्दाधारित साहस-खेळ असे म्हणता येईल. प्रस्तुत शोधनिबंधात अशा खेळांची तर्करचना कशी विकसित झाली आणि मराठीसारख्या भाषेत ती आणताना नेमकी अडचण कोठे येते, याचा ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) शब्दाधारित साहस-खेळांच्या तर्करचनेचे प्रमुख टप्पे स्पष्ट करणे.
२) या रचनेत खेळाचा तर्क व खेळाची भाषा यांचे नाते तपासणे.
३) मराठी व खानदेशातील बोलींच्या संदर्भात या रचनेच्या शक्यता पाहणे.

आरंभ – गुहेचा नकाशा :

या परंपरेचा प्रारंभ अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ विल क्राउदर यांच्या ‘अॅडव्हेंचर’ या खेळाने झाला. १९७५-७६ च्या सुमारास त्यांनी तो पीडीपी-१० या संगणकावर फोरट्रान भाषेत लिहिला. क्राउदर हे गुहा-संशोधक होते. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या विस्तीर्ण गुहासमूहाच्या सर्वेक्षणात त्यांचा सहभाग होता. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वुड्स यांनी या खेळाचा विस्तार केला. क्राउदर यांची मूळ आज्ञावली हरवली असे दीर्घकाळ मानले जात होते. ती डेनिस जर्झ यांना जुन्या साठवणीतून मिळाली. प्रत्यक्ष गुहेत उतरून त्यांनी खेळातील स्थळे पडताळली आणि २००७ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाची आज्ञावली हे इतिहासाचे साधन ठरू शकते, हे या संशोधनाने दाखवून दिले.

तर्करचनेचे स्वरूप :

या खेळाचा गाभा तक्त्यांचा आहे. एका तक्त्यात स्थळे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा असतात, दुसऱ्यात वस्तू व त्यांचे सध्याचे ठिकाण असते, तर तिसऱ्यात खेळास ठाऊक असलेले शब्द असतात. त्यावर ‘अट आणि परिणाम’ या स्वरूपाचे नियम चालतात. उदाहरणार्थ, पिंजरा जवळ असेल तर पक्षी पकडता येतो, परंतु हातात काठी असेल तर तो घाबरून हाती लागत नाही. पुढे वाट अडविणाऱ्या सापास हाच पक्षी पळवून लावतो. वुड्स यांच्या आवृत्तीत कंदिलाचे आयुष्य सामान्यतः ३३० चालींचे आहे. प्रत्येक चालीस एक आकडा कमी होतो आणि तो संपला की अंधार होतो. म्हणजेच कथेतील कार्यकारणभाव येथे वस्तूंच्या स्थितीत झालेल्या बदलाच्या रूपाने नोंदविला जातो.

तर्क व यंत्र यांची फारकत :

१९७८ मध्ये स्कॉट अॅडम्स यांनी ‘अॅडव्हेंचरलँड’ हा खेळ छोट्या घरगुती संगणकावर आणला. स्मृती अत्यल्प असल्याने त्यांनी खेळाची माहिती आणि ती चालविणारी आज्ञावली वेगळी ठेवली. त्यामुळे तीच आज्ञावली नव्या खेळासाठी वापरता आली. दरम्यान १९७७ पासून एमआयटी या संस्थेत अँडरसन, ब्लँक, डॅनियल्स व लेबलिंग या चौघांनी ‘झोर्क’ रचला. त्यातून १९७९ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी स्थापन झाली. तिने ‘झेड-मशीन’ या काल्पनिक यंत्राची कल्पना राबविली. खेळ या काल्पनिक यंत्रासाठी लिहावयाचा आणि प्रत्येक प्रकारच्या संगणकासाठी ते यंत्र चालविणारी छोटी आज्ञावली तेवढी तयार करावयाची, अशी ही योजना होती. इन्फोकॉम १९८९ मध्ये बंद पडली, परंतु तिचे खेळ आजच्या संगणकांवरही चालतात. १९९३ मध्ये ग्रॅहम नेल्सन यांनी याच यंत्रासाठी ‘इन्फॉर्म’ ही भाषा तयार केली. पुढे तिच्यात भाषाविषयक भाग वेगळा काढण्यात आला आणि फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश इत्यादी भाषांसाठी तो स्वतंत्रपणे लिहिला गेला.

मराठीपुढील प्रश्न :

उपरोक्त इतिहासावरून खेळाचा तर्क कोणत्याही एका भाषेचा नाही, हे स्पष्ट होते. अडचण येते ती आज्ञा ओळखण्यात. क्राउदर-वुड्स यांच्या खेळात शब्दाची पहिली पाच अक्षरेच तपासली जात, कारण पीडीपी-१० च्या स्मृतीतील एका घरात पाचच अक्षरे मावत. इंग्रजीत शब्दाचे रूप फारसे बदलत नसल्याने तेवढे पुरत असे. मराठीत मात्र विभक्तीपूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. ‘किल्ली’ व ‘किल्लीने’ यांची पहिली पाच संगणकीय चिन्हे सारखीच राहतात, पण ‘कंदील’ व ‘कंदिलात’ किंवा ‘विहीर’ व ‘विहिरीत’ येथे चौथ्याच चिन्हाला दीर्घ वेलांटीची ऱ्हस्व होते आणि ओळख चुकते.

दुसरा भेद वाक्यरचनेचा आहे. इंग्रजी आज्ञेत क्रियापद प्रथम येते व शब्दयोगाचा क्रम अर्थ ठरवितो. ‘किल्लीने दार उघड’ आणि ‘दार किल्लीने उघड’ या दोन्ही आज्ञा मराठीत सारख्याच योग्य आहेत, कारण साधन कोणते हे क्रम नव्हे, तर ‘ने’ हा प्रत्यय सांगतो. तिसरा भेद उत्तराचा आहे. दरवाजा उघडा असतो, पेटी उघडी असते आणि कपाट उघडे असते. म्हणून मराठी खेळात वस्तूंच्या तक्त्याला लिंगाचा एक जादा रकाना अनिवार्य ठरतो.

तांत्रिक पायाभूमी मात्र तयार आहे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण निश्चित झाले आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने देवनागरी टंकनाची साधने दिली. समानार्थी शब्दांसाठी मुंबईच्या आयआयटीचे मराठी शब्दजालही उपलब्ध आहे.

पिंपळनेर परिसराच्या संदर्भात :

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील पिंपळनेर परिसरात अहिराणीसोबत मावची, कोकणी या बोली नांदतात. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात खानदेशी व भिल्ली बोलींची नोंद आहे. शब्दांच्या तक्त्यात एकाच क्रियेसमोर अनेक बोलींतील शब्द मांडता येतात आणि नियमांना धक्का लागत नाही. अशा परिसरातील विद्यार्थ्यास संगणकीय तर्क व इंग्रजी ही दोन ओझी एकाच वेळी उचलावी लागतात. त्यातील पहिले अवघड की दुसरे, हे त्याला व शिक्षकालाही समजत नाही. आपल्या बोलीतील आज्ञांचा खेळ रचताना ही दोन ओझी वेगळी होतात. क्राउदर यांनी गुहा मांडली तशी याच तालुक्यातील भामेर किल्ल्यावरील कोरीव लेणी व पाण्याची टाकी स्थळांच्या तक्त्यात मांडता येतील. त्यासाठी आधी किल्ल्यावर जाऊन वाटा मोजाव्या लागतील आणि हेच इतिहासाचे क्षेत्रकार्य होय.

निष्कर्ष :

१) शब्दाधारित साहस-खेळांची तर्करचना स्थळे, वस्तू, शब्द व नियम यांच्या फारकतीतून विकसित झाली. या फारकतीमुळेच हे खेळ मूळ यंत्रे कालबाह्य झाल्यावरही टिकले.
२) मराठीपुढील खरा प्रश्न यंत्राचा वा तर्काचा नसून सामान्यरूप, विभक्ती व लिंग यांच्या हाताळणीचा आहे. त्याचे उत्तर व्याकरणाच्या अभ्यासकाकडे आहे.
३) त्यामुळे असा खेळ हा केवळ संगणकशास्त्र विभागाचा विषय राहत नाही. मराठी, इतिहास व संगणकशास्त्र या तीन विभागांनी एकत्र येऊन तो हाती घेतल्यास ग्रामीण महाविद्यालयातही त्यास मोठ्या साधनसामग्रीची गरज भासणार नाही.