मज्जारज्जूची इजा : साडेतीन हजार वर्षांचा एक निवाडा

प्रतिक्षिप्त क्रिया शिकवताना आपण गरम भांड्याचे उदाहरण देतो. चटका बसला की मेंदूला कळण्याआधीच हात मागे येतो, कारण हे काम मज्जारज्जूतच उरकते. पाठ्यपुस्तकातली आकृती इथे संपते. पण हा रज्जूच मध्ये तुटला तर? वर्गात कोणीतरी हमखास विचारील असा हा प्रश्न आहे. त्याचा इतिहास आपण पाहू.

एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने १८६२ साली इजिप्तमधील लक्सर येथे पपायरसची एक गुंडाळी विकत घेतली. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराच्या या गुंडाळीत ४८ रुग्णांची वर्णने आहेत. त्यांपैकी एकाच्या मानेचा मणका सरकला आहे. त्याला आपले हातपाय जाणवत नाहीत आणि नकळत लघवी होत राहते. निरीक्षण अगदी अचूक! वैद्याचा निवाडाही स्पष्ट आहे : यावर उपचार करू नयेत.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलनने प्राण्यांचा मज्जारज्जू वेगवेगळ्या उंचीवर कापून पाहिला. खाली कापला तर मागचे पाय लुळे पडत. मानेत फार वर कापला तर श्वासच थांबे. याचे कारण आज आपल्याला सांगता येते. माणसाचा मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि त्यातून चेतांच्या ३१ जोड्या निघतात. श्वासपटलाकडे जाणारे तंतू मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या जोडीतून येतात. त्याच्या वर इजा झाली तर श्वास धोक्यात येतो. छातीच्या पातळीवर झाली तर हात शाबूत राहतात, पाय जातात. पुढे चार्ल्स बेल (१८११) आणि फ्रान्स्वा माजांदी (१८२२) यांच्या कामातून कळले, की चेतेच्या पुढच्या मुळातून हालचालीचे आदेश बाहेर जातात आणि मागच्या मुळातून संवेदना आत येतात.

ज्ञान वाढले, निवाडा मात्र तसाच राहिला. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जू तुटलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावले. ते कशाने मेले? बहुतेक वेळा मूळ जखमेने नव्हे. बाकावर बसल्या बसल्या आपण सारखी चुळबूळ करतो. दाबामुळे कातडीचा रक्तपुरवठा अडला, की टोचल्याची सूचना मेंदूकडे जाते आणि आपण सरकतो. रज्जू तुटल्यावर ही सूचना पोचत नाही. कातडी मरते, जखम हाडापर्यंत जाते, त्यात जंतू शिरतात. मूत्राशय नीट रिकामे होत नाही. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. माणूस मरत होता तो अशा टाळता येण्याजोग्या कारणांनी!

हे ओळखून त्याप्रमाणे वागणाऱ्यांत लुडविग गुटमान यांचे नाव मोठे आहे. नाझींच्या छळामुळे १९३९ साली जर्मनी सोडलेल्या या ज्यू मेंदूशल्यविशारदाने फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात खास विभाग सुरू केला. दिवसरात्र दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, मूत्राशय निर्जंतुक पद्धतीने रिकामे करायचे, हा तिथला नियम. उपाय किती साधे, पण एकही पाळी चुकवून चालत नसे. १९४७ साली गुटमान आणि व्हिटरिज यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल, तर नुसते मूत्राशय भरल्यानेही रक्तदाब धोकादायक वाढू शकतो. इजेच्या खालच्या प्रतिक्षिप्त क्रिया चालूच असतात, पण त्यांना मेंदूचा लगाम पोचत नाही.

रुग्ण जगू लागले. मग त्यांनी करायचे काय? गुटमान यांनी त्यांना काम दिले, खेळ दिले. २९ जुलै १९४८ रोजी लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी रुग्णालयाच्या आवारात १६ जणांनी चाकांच्या खुर्चीतून तिरंदाजीची स्पर्धा खेळली. त्यातूनच पॅरालिंपिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताला या स्पर्धांतले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडणे आजही साधलेले नाही, कारण त्यातले तंतू हातापायांतल्या चेतांप्रमाणे पुन्हा वाढत नाहीत. म्हणूनच झाडावरून पडलेल्या मुलाची मान दुखत असेल किंवा हातपाय बधिर असतील, तर त्याला घाईने उचलून बसवू नये. मान न हलवता मदत येईपर्यंत थांबावे, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. आणि चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्या मुलाला आपल्या वर्गापर्यंत, तसेच स्वच्छतागृहापर्यंत जाता येते का, हेही एकदा पाहावे. लघवी तुंबून राहणे त्याच्यासाठी केवळ गैरसोयीचे नसते, हे आता आपल्याला ठाऊक आहे.