चित्रपटाची संस्कारित डीव्हीडी आणि इतिहासाचे साधन : 'अयोध्येचा राजा'च्या संदर्भात

प्रस्तावना

दोन हजारच्या दशकात 'प्रभात'चे जुने बोलपट व्हीसीडी व डीव्हीडी यांच्या रूपाने घरोघरी पोहोचले. कोल्हापुरात निर्माण झालेला 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा पहिला मराठी बोलपट त्यामुळे चित्रपटगृहाबाहेर पाहता येऊ लागला. 'आलम आरा' (१९३१) हा पहिला भारतीय बोलपट नष्ट झालेला असल्याने, उपलब्ध भारतीय बोलपटांत 'अयोध्येचा राजा'चे स्थान अनन्यसाधारण आहे. इतिहास, मराठी व संगीत या विषयांच्या अध्यापनात अशा डीव्हीडीचा वापर होतो. तथापि, पडद्यावर दिसते ते १९३२ चे साधन की पुढील काळात सिद्ध केलेली त्याची आवृत्ती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

जे उरले आणि जे गेले

बाबूराव पेंटर यांच्या 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'ने कोल्हापुरात चित्रपटनिर्मितीचा पाया घातला. 'सैरंध्री' (१९२०) व 'सावकारी पाश' (१९२५) ही तिची गाजलेली नावे. या कंपनीचे बहुतेक सर्व मूकपट आज नष्ट झाले आहेत. १९२७ च्या 'मुरलीवाला' व 'सती सावित्री' यांचे काही भाग तेवढे उरले आहेत. १ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच 'प्रभात'ची स्थापना केली. १९३३ मध्ये ही संस्था पुण्यास गेली. तिचे अनेक बोलपट मात्र टिकले.

या नाशाचे मूळ बव्हंशी माध्यमातच होते. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती ज्वालाग्राही असून उष्ण व दमट हवेत आपोआप विघटित होते. शिवाय तिच्यातील चांदीसाठी जुन्या प्रती विकल्या जात. १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत, भालजी पेंढारकर यांचा कोल्हापुरातील स्टुडिओ भस्मसात झाला आणि 'मीठभाकर' हा चित्रपट पुन्हा चित्रित करावा लागला. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, पूर्वीच्या 'प्रभात'च्या आवारातील कोठाराला आग लागून शेकडो चित्रपटांच्या नायट्रेट प्रती जळाल्या. त्यांपैकी ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरविलेल्या होत्या, तेच चित्रपट वाचले. म्हणजेच डीव्हीडीपर्यंत पोहोचलेला चित्रपट हा पुष्कळदा मूळ निगेटिव्हवरून नव्हे, तर प्रतीच्या प्रतीवरून आलेला असतो.

संस्कार की बदल?

रीमास्टरिंगच्या प्रक्रियेत उपलब्ध प्रतीचे संगणकीय स्कॅनिंग करून ओरखडे, धूळ व डाग काढले जातात, हलणारे चित्र स्थिर केले जाते आणि ध्वनीतील खरखर कमी केली जाते. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने एका तासाच्या चित्रपटात ८६,४०० चौकटी येतात. त्यामुळे बरेचसे काम संगणकाच्या स्वयंचलित प्रणालीवर सोपविले जाते. अशी प्रणाली धुळीबरोबर चित्राचे बारीक कणही पुसू शकते. खरखरीबरोबर गायकाचा श्वास व वाद्यांचा सूक्ष्म नाद नाहीसा होण्याचा संभव असतो.

संगीताच्या अभ्यासकासाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. भारतात प्रचलित असलेल्या 'पाल' पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी दाखविल्या जातात. २४ चौकटींचा चित्रपट या गतीने चालविल्यास दोन तासांचा खेळ सुमारे पाच मिनिटांनी आखूड होतो. ध्वनीत दुरुस्ती न केल्यास लगतच्या दोन स्वरांमधील अंतराच्या सुमारे सात-दशांश इतका स्वर चढतो. 'अयोध्येचा राजा'चे संगीत गोविंदराव टेंबे यांचे. हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच, तर तारामती दुर्गा खोटे यांची. अशा डीव्हीडीवरून टेंबे यांची पट्टी वा लय ठरविणारा निष्कर्ष चुकण्याचा धोका उघड आहे.

चित्राच्या कडांबाबतही हेच म्हणता येईल. आरंभीच्या बोलपटांत ध्वनिपट्टीसाठी जागा सोडल्याने चित्र जवळजवळ चौरस होई. आजच्या रुंद पडद्यासाठी वरखाली कापलेल्या चित्रावरून नेपथ्याचा किंवा छायाचित्रणाचा अभ्यास करता येणार नाही.

पाठचिकित्सेचा दाखला

मराठीच्या अभ्यासकांना हा प्रश्न अपरिचित नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये 'ज्ञानेश्वरी'ची प्रत प्रसिद्ध केली. तिची आधारभूत पोथी पुढे उपलब्ध राहिली नाही. परिणामी त्या पाठाची पडताळणी मुळाशी करता येत नाही. चित्रपटाच्या बाबतीत हीच आपत्ती टाळावयाची असेल, तर संस्कारित आवृत्ती हाती आली म्हणून जुनी प्रत टाकाऊ मानता येणार नाही. डीव्हीडी हे प्रसाराचे साधन आहे, जतनाचे नव्हे. तिचेही आयुष्य मर्यादित असते. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कार्याचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

निवडीचा मुद्दाही दुर्लक्षिता येत नाही. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२) डिजिटल संस्कारानंतर २०१६ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला. त्यामागे त्याची टिकून राहिलेली लोकप्रियता होती. ज्या चित्रपटांना आज ना वारस आहे ना प्रेक्षक, त्यांच्यावर असा खर्च होणे कठीण. बाजारातील डीव्हीडींवरूनच कोल्हापूरच्या चित्रपटांचा इतिहास लिहिला, तर तो केवळ यशस्वी चित्रपटांचा इतिहास ठरेल.

निष्कर्ष

संस्कारित डीव्हीडीने 'अयोध्येचा राजा'सारखी कलाकृती वर्गात आणली, हे तिचे मोठे श्रेय होय. परंतु तिला संपादित ग्रंथाप्रमाणे वागविले पाहिजे. आधारभूत प्रत कोणती, गती किती, काय कापले आणि काय पुसले, याची नोंद प्रकाशकाने द्यावी व अध्यापकाने विद्यार्थ्यांना ती विचारावयास शिकवावे. कोल्हापुरात घडलेल्या मूकपटांचा फार थोडा अंश हाती उरला आहे. म्हणूनच उरलेल्याची चिकित्सा करण्याची जबाबदारी अधिक मोठी आहे.