वाजिब-उल-अर्ज पायलात का जी?

'गोंदिया' आणि 'लेक' हे दोन शब्द टाकले आणि पहिल्या दिवशी हाती लागले ते नवेगावबांधच्या सहलींचे फोटो आणि सारस पक्ष्यांवरचे लेख. २०१३ सालची गोष्ट. पीएच.डी.साठी मी माजी मालगुजारी तलावांचा इतिहास घेतला होता. (सरकारी भाषेत 'मामा तलाव'. कोणाच्या मामाचे, असा प्रश्न पुण्याच्या एका मित्राला खरोखर पडला होता.) या विषयावर कोणी लिहिलेलंच नाही, असं मार्गदर्शकांना सांगून मी मोकळाही झालो.

लिहिलेलं होतं, मीच चुकीच्या नावाने हाक मारत होतो. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याआधीचं सगळं भंडाऱ्याच्या नावावर. १९५६ पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात आणि त्याही आधी मध्य प्रांतात. शिवाय इंग्रजी लेखांत आपला तलाव 'लेक' नसतो, 'टँक' असतो. 'भंडारा', 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस', 'टँक इरिगेशन', 'मालगुजारी', 'निस्तार' असे शब्द आलटूनपालटून टाकले, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. एक बरा लेख मिळाला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जायचं आणि गूगल स्कॉलरवर त्याचा आधार पुढे कोणी घेतला ते बघत पुढे यायचं. महिनाभर हेच केलं.

त्यात एक गंमत हाती लागली. तलाव बांधण्यात वाकबगार असलेल्या कोहळी लोकांना चांद्याच्या गोंड राजाने बनारसहून आणलं, हे वाक्य जवळपास प्रत्येक लेखात होतं. तळटीपेवरून तळटीपेवर उतरत गेलो तो रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथाशी येऊन थांबलो. तिथे ती एक सांगोवांगीची परंपरा म्हणून दिलेली. मधल्या प्रवासात 'असं सांगतात' एवढे दोन शब्द गळून पडले होते, आणि हे लेख तज्ज्ञांनी तपासलेले होते!

हसण्याचा अधिकार मात्र मला नव्हता. २००९ च्या यूजीसी नियमानुसार प्रबंध सादर करण्याआधी निदान एक शोधनिबंध छापून येणं भाग होतं. मी एका 'आंतरराष्ट्रीय' मासिकाला निबंध आणि पैसे पाठवले. दुसऱ्या दिवशी स्वीकृती आली. परीक्षकाचा अभिप्राय दोन शब्दांचा: उत्तम काम. पुढे २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये यूजीसीची मान्यताप्राप्त यादी तपासली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या आणि नावाजलेल्या सूचींत नसलेल्या १००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक सुमार असावीत, असं त्यांना दिसलं. कित्येकांचे पत्ते किंवा संपादकांची नावंच धड नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४३०५ नियतकालिकं यादीतून काढली. माझं मासिक तोवर इंटरनेटवरूनच नाहीसं झालं होतं.

निबंध छापून आला त्या आनंदात मी तो अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला वाचून, म्हणजे मराठीत सांगून, दाखवला होता. मी लिहिलं होतं की ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि मग पाणीपट्टी ओघानेच आली. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "वाजिब-उल-अर्ज पायलात का जी, सर?"

नव्हतं पाहिलं. बंदोबस्ताच्या वेळी गावाच्या रूढी ज्यात लिहून घेत, तो हा कागद. कोणाच्या शेताला कोणत्या तलावाचं पाणी, कोणत्या अटीवर, हेही त्यात असू शकतं. त्यांच्या गावच्या कागदात पाण्याचा हक्क नोंदलेला होता आणि तो फुकट होता. माझ्या 'ओघानेच' या शब्दाखाली एका गावाचं भांडण दडपलं गेलं होतं.

वि. का. राजवाड्यांची त्या दिवसांत फार आठवण यायची. खं. चिं. मेहेंदळ्यांसोबत त्यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. तिथे निबंध सभेत वाचायचा, समोर बसलेल्यांनी कागद मागायचा. पिअर रिव्ह्यू हा शब्द तेव्हा आपल्याकडे कोणाच्या तोंडी नव्हता. खुद्द 'नेचर'नेही बाहेरच्या परीक्षकांची तपासणी सरसकट सुरू केली ती १९७३ मध्ये.

प्रबंध झाला. नंतर तोच विषय नव्याने लिहून मी एका खऱ्या नियतकालिकाकडे धाडला. उत्तर यायला सात महिने लागले. दोन अनाम परीक्षक, अकरा प्रश्न. पाचवा प्रश्न होता: सिंचनाचे हक्क कळले, पण तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांचं काय? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून पुन्हा गावं फिरलो. यावेळी पाळीवरून नाही, पाण्याच्या कडेने.

२०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं आहे, सुमारे १३ हजार नियतकालिकं, पण ती सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांसाठी. आमचं खासगी अनुदानित महाविद्यालय त्यात नाही, म्हणून अजून कोणाला तरी ई-मेल करून लेख मागवतो. लेखकालाच विनंती केली तर तो बहुतेक वेळा आनंदाने पाठवतो, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

निबंध छापून आल्यावर त्याची प्रत घेऊन त्या शेतकऱ्याकडे गेलो. त्यांनी पानं उलटली, नकाशावर आपलं गाव शोधलं, आणि हे सगळं इंग्रजीत का, असं विचारलं. मराठी करतो म्हणालो. निम्मं झालं आहे.