हिब्रू कोण शिकते आणि कशासाठी?

हिब्रू म्हटले की आपल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर इस्रायल उभे राहते आणि इस्रायल म्हटले की फिलस्तीन. त्यामुळे या भाषेबद्दल आपल्याकडे बोलणे होते ते बहुतेक रागानेच होते. तो राग निष्कारण आहे असे मी म्हणणार नाही. परंतु भाषा आणि सरकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उर्दू शिकवणाऱ्या माणसाला तरी कुणी समजावून सांगायला नको. उर्दूवर पाकिस्तानचा शिक्का मारणारे लोक आपण रोज पाहतो. म्हणून हिब्रू कोण शिकले, का शिकले, त्यातून त्यांना काय मिळाले आणि त्यांचे काय गेले, याचा शोध घ्यावासा वाटला. या शोधातला एक मोठा अध्याय दूर जेरुसलेमला नाही, तर आपल्याच कोकणात आणि मुंबईत, मराठीतून घडलेला आहे.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत कथा आहे. हे लोक कोकणातल्या खेड्यांत पसरले आणि तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांनी गावांवरून आडनावे घेतली. केहीमचे केहीमकर, राजपूरचे राजपूरकर, दिव्याचे दिवेकर. घरात मराठी, पेहराव कोकणी. हिब्रूपैकी त्यांच्याजवळ उरली होती ती फक्त 'शेमा'ची प्रार्थना. 'हे इस्राएला, ऐक, देव एकच आहे' असा तिचा आशय. आपल्या कलिम्याचा पहिला भाग ज्याला पाठ आहे, त्याला हा आशय परका वाटणार नाही.

बाकीचे धार्मिक शब्द त्यांनी शेजाऱ्यांकडून घेतले आणि त्यांच्या शेजारात मुसलमान होते. त्यांच्या प्रार्थनास्थळाला ते 'मशीद' म्हणत. धर्मविधी चालवणाऱ्यांना 'काजी' म्हणत. उपासाला 'रोजा' म्हणत आणि त्यांच्या एका उपासकाळाचे नावच 'रमजान' होते. एलियाहू हन्नाबी, म्हणजे आपले हजरत इलियास, यांच्या नावाने ते मलिदा करतात, आणि त्यांच्या सणांच्या जुन्या यादीत 'एलियाहू हन्नाबीचा उरूस' आहे. सैलानीच्या यात्रेला हिंदू-मुसलमान दोघेही जाताना पाहिलेल्या बुलढाण्याच्या माणसाला यात नवल वाटू नये. ज्याच्या शेजारी आपण राहतो, त्याची भाषा आपल्या देवघरापर्यंत पोहोचतेच.

मुंबईतली पहिली 'मशीद' १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधली. ते इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानच्या कैदेत सापडले होते. समाजात अशी आठवण सांगतात की, कैद्यांची जात विचारली गेली तेव्हा त्यांनी 'बनी इस्राईल' असे सांगितले. हे नाव कुरआनात वाचले आहे, पण असा माणूस कधी पाहिला नाही, असे म्हणून टिपूच्या आईने त्यांचा जीव वाचवला. सुटका झाल्यावर नवस फेडावा तसे त्यांनी प्रार्थनास्थळ उभारले. मशीद बंदर हे नावही या जागेवरूनच पडले, असे अनेक जण सांगतात.

प्रार्थनास्थळ झाले, पण प्रार्थना वाचायची कुणी? कोचीनचे ज्यू शिक्षक कोकणात आणि मुंबईत येऊन हिब्रू वाचायला शिकवू लागले. त्यापाठोपाठ ख्रिस्ती मिशनरी आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले आणि १८३२ साली त्यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. विल्सन साहेबांचा हेतू उघड होता. हिब्रू शिकलेला ज्यू बायबल वाचेल, बायबल वाचून येशूकडे येईल, असा त्यांचा हिशेब होता. बेने इस्राएल मुले मिशनच्या शाळांत गेली, हिब्रू शिकली, इंग्रजी शिकली, काही जण त्याच शाळांत शिक्षक झाले. पण ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. उलट त्या हिब्रूच्या बळावर समाज आपल्या मूळ धर्माकडे अधिक घट्टपणे वळला. शिकवणाऱ्याचा हेतू एक आणि शिकणाऱ्याचा दुसरा, हे शिक्षकाच्या पेशात नेहमीच घडते.

पुढचे काम समाजातल्याच माणसांनी केले. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या सणाचे पुस्तक 'हगादा' हिब्रू आणि मराठीत छापले गेले. १८७४ साली पुण्यात दुसरे निघाले. त्यातल्या चित्रात लुगडे नेसलेल्या बायका सणाच्या बेखमीर भाकऱ्या करताना दाखवल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) हे मुंबईतल्या सॅसून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. त्यांनी एकामागून एक हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. १८८० च्या सुमारास तर बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

या काळात बेने इस्राएलांनी हिब्रू शिकण्याचे कारण घरगुती आणि धार्मिक होते. बाप मेला तर त्याच्यासाठी प्रार्थना म्हणता यावी, मुलाच्या लग्नात आशीर्वाद चुकू नये, बाहेरच्या ज्यूंनी 'तुम्ही खरे ज्यू कशावरून?' असे विचारले तर उत्तर देता यावे. आपल्याकडे मूल मकतबात बसून कुरआन नाजरा वाचते, अक्षर ओळखते पण अर्थ कळत नाही. तीच त्यांची अवस्था होती. राजपूरकरांनी ती ओळखली आणि अर्थ मराठीतून दिला. हिब्रू वाढली म्हणून मराठी घटली नाही. दोन्ही एका पानावर समोरासमोर छापल्या गेल्या.

त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला हिब्रू शिकण्याचे कारण बदलत होते. एलिएझर बेन-यहुदा (१८५८-१९२२) हा रशियन साम्राज्यातल्या लिथुआनियात जन्मलेला माणूस १८८१ साली जेरुसलेमला आला. प्रार्थनेची भाषा बाजारात आणि स्वयंपाकघरात बोलायची, असा त्याने निश्चय केला. १८८२ साली मुलगा झाला तेव्हा त्याच्या कानावर हिब्रूशिवाय दुसरी भाषा पडू द्यायची नाही, असा घरात नियम केला. त्याच्या हट्टाचे कौतुक फार होते. पण भाषा प्रत्यक्षात उभी केली ती खेड्यांतल्या शाळामास्तरांनी. १९०३ साली त्यांनी संघटना बांधली. १९१३ साली हैफाच्या तंत्रशिक्षण संस्थेत जर्मन की हिब्रू असा वाद पेटला, तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी संपावर गेले आणि हिब्रू जिंकली. १९२२ साली ब्रिटिशांनी फिलस्तीनमध्ये इंग्रजी आणि अरबीबरोबर हिब्रूला राजभाषेचा दर्जा दिला.

नव्या वस्तूंसाठी शब्द हवे होते. ते बेन-यहुदाने अनेकदा अरबीतून घेतले. अरबी 'रस्मी'वरून हिब्रू 'रिश्मी', म्हणजे अधिकृत. 'अदीब'वरून 'अदीव', म्हणजे सभ्य. 'मुरब्बा'वरून 'रिब्बा'. आपण मराठीत मुरंबा खातो तो याच शब्दाचा भाऊ. हिब्रूतला 'तारीख'देखील आपल्या तारखेच्याच घरचा. याला इतिहास आहे. दहाव्या शतकात स्पेनच्या कॉर्डोबात हिब्रूचे व्याकरण लिहिले गेले ते अरबी व्याकरणाच्या नमुन्यावर. मैमूनिदीससारखा थोर ज्यू विद्वान आपला तत्त्वज्ञानाचा ग्रंथ अरबीत, पण हिब्रू लिपीत लिहीत होता. बहिणीच्या घरून उसने घ्यावे तसे शब्द आले. परंतु त्याच काळात, ते शब्द ज्यांच्या तोंडी होते त्या माणसांच्या जमिनीवर नवा हक्क सांगितला जात होता. ही गोष्ट विसरून भाषेचे कौतुक करता येत नाही.

आता पुन्हा कोकणाकडे वळू. १८९७ साली बाझेलला पहिली झायनिस्ट परिषद भरली. तिचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्राएलांना आले होते. त्यांनी ते नाकारले. परत जाणे देवाच्या हाताने होईल, माणसांच्या ठरावाने नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. पन्नास वर्षांनंतर चित्र पालटले. १९४८ नंतर कुटुंबेच्या कुटुंबे इस्रायलला गेली. कुणी धर्माच्या ओढीने, कुणी नोकरीसाठी, कुणी भाऊ गेला म्हणून. तिथे त्यांची पहिली गाठ पडली ती 'उलपान'शी. १९४९ साली जेरुसलेमला सुरू झालेली ही प्रौढांची भाषाशाळा. रोज काही तास, पाच-सहा महिने, शिकवणे हिब्रूतूनच. मास्तर शिकणाऱ्याची भाषा वापरत नाही. बी.एड.ला आम्ही जिला प्रत्यक्ष पद्धती म्हणतो ती हीच. भाषा लवकर येते यात शंका नाही. पण राजपूरकरांच्या पुस्तकात मराठीला जी समोरची बाजू मिळाली होती, ती इथे नव्हती.

हिब्रू आली तरी बरोबरी आली नाही. १९५१ साली बेने इस्राएलांच्या एका गटाने भेदभावाच्या विरोधात तेल अवीवमध्ये धरणे धरले, आणि १९५२ साली त्यातले बरेच जण भारतात परत आले. पुढे धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांबद्दल शंका काढली. पिढ्या तपासल्याशिवाय इतर ज्यूंशी लग्न लावणार नाही, असे फर्मान १९६२ साली निघाले. समाज रस्त्यावर उतरला आणि १९६४ साली संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानावे असे बजावले. कोकणात प्रार्थनेसाठी घेतलेली भाषा आता हक्क मागण्यासाठी वापरावी लागली. नातवंडांच्या तोंडून मराठी हळूहळू गेली. जुन्या पिढीने तिथेही 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले, यावरून त्यांना काय गमावल्यासारखे वाटत होते ते कळते.

हिब्रू शिकणारा तिसरा गट म्हणजे फिलस्तीनी. इस्रायलच्या नागरिकांत सुमारे एक पंचमांश अरब आहेत. त्यांच्या शाळांत हिब्रू सक्तीची आहे. रुग्णालय, न्यायालय, नोकरी, सगळे तिच्यातून चालते. तुरुंगातल्या फिलस्तीनी कैद्यांनी ती शिकली, पहारेकऱ्याचे बोलणे आणि वर्तमानपत्र समजावे म्हणून. महमूद दरवेश यांना हिब्रू उत्तम येत होती, पण कविता त्यांनी अरबीतच लिहिली. अंतोन शम्मास यांनी मात्र १९८६ साली 'अरबेस्क' ही कादंबरी थेट हिब्रूत लिहिली आणि 'ही भाषा फक्त ज्यूंची आहे का?' असा प्रश्न उभा केला. २०१८ साली संसदेने कायदा करून हिब्रू ही एकच राज्यभाषा ठरवली आणि अरबीचा राजभाषेचा दर्जा काढून तिला 'विशेष दर्जा' दिला. शम्मास यांच्या प्रश्नाला सरकारने दिलेले उत्तर ते हे.

अलीकडे पोटासाठी हिब्रूची चार वाक्ये शिकणारे भारतीयही आहेत. वृद्धांची सेवा करायला आपले लोक कित्येक वर्षे तिथे जातात. २०२३ च्या मे महिन्यात बांधकाम आणि शुश्रूषेसाठी ४२ हजार भारतीय कामगारांचा करार झाला. ऑक्टोबरात हमासचा हल्ला झाला, त्यानंतर गाझात हजारो माणसे, लेकरे मारली गेली, आणि फिलस्तीनी मजुरांच्या रिकाम्या जागी २०२४ मध्ये उत्तर प्रदेश-हरियाणाची मुले नेली गेली. त्या गरीब मुलांना दोष देऊन भागणार नाही. पण ती कुणाच्या जागी उभी आहेत हे सांगितले पाहिजे.

मग आपण या भाषेकडे कसे पाहावे? हदीसमध्ये येते की, पैगंबर साहेबांनी (स.) हजरत जैद बिन साबित यांना यहुद्यांची लिपी शिकायला सांगितली, कारण पत्रव्यवहार दुसऱ्याच्या भरवशावर ठेवणे त्यांना योग्य वाटत नव्हते. जैद यांनी ती पंधरवड्यात शिकली. हे कारण पूर्णपणे व्यवहारी आणि राजकीय होते, तरी त्यात त्या भाषेचा द्वेष नव्हता. आज इस्रायलबद्दल आपल्याला जे कळते ते इंग्रजीतून, मग उर्दूत किंवा मराठीत, तिसऱ्या हाताने. तिथल्या सरकारच्या विरोधात हिब्रूतच लिहिणारे ज्यू लेखक आणि पत्रकार आहेत, हेही त्यामुळे आपल्यापर्यंत नीट येत नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात हिब्रू शिकवली गेली आहे. अरबी येणाऱ्या आपल्या मुलांना ती अवघड जाणार नाही.

शेवटी आपल्या शाळांबद्दल. मलकापूर, खामगाव, मेहकरच्या उर्दू शाळेतल्या मुलाला मराठी का शिकायची हे समजावताना आम्ही नोकरीचे कारण देतो. तलाठी, पोलीस, बँक. कारण खरे आहे, पण अपुरे आहे. नुसत्या गरजेपोटी शिकलेली भाषा सक्तीसारखी वाटते आणि घरची भाषा सोडून शिकायला लावली तर मूल दोन्हीकडून तुटते. मुंबईच्या बेने इस्राएलांनी शंभर वर्षे दाखवून दिले की प्रार्थनेची भाषा आणि मातीची भाषा एका पानावर मावतात. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. आज इथे ते काही हजारच उरले आहेत. त्यांचा हा इतिहास आपल्या उर्दू शाळांत एक धडा म्हणून शिकवला जावा. त्यात मशीद आहे, काजी आहे, रोजा आहे, मराठी आहे. आपली मुले तो वाचताना कुठेच परकी वाटणार नाहीत.